प्रभागाची हद्द कशी आखतात आणि ती बदलून कशी घ्यायची: कोल्हापूरच्या आकड्यांसह

शिवाजी पेठेतल्या घराच्या पत्त्यात ‘ए वॉर्ड’ असतं, राजारामपुरीतल्या पत्त्यात ‘ई वॉर्ड’. ही सिटी सर्व्हेची जुनी विभागणी. मिळकत पत्रिकेवर आणि घरफाळ्याच्या बिलावर ती चालते, मतदानाशी तिचा काही संबंध नाही. महापालिकेची गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि ताराराणी मार्केट ही चार विभागीय कार्यालयं कारभाराच्या सोयीची आहेत, निवडणुकीच्या हद्दी त्यांच्यावरून ठरत नाहीत. विधानसभेचे कोल्हापूर उत्तर आणि कोल्हापूर दक्षिण हे मतदारसंघ तर २००८ च्या परिसीमन आदेशाने, २००१ च्या जनगणनेवर आखलेले आहेत. नगरसेवक निवडून देणारा प्रभाग या सगळ्यांहून वेगळा. त्याची हद्द दर निवडणुकीआधी नव्याने काढता येते आणि ती काढली जाताना नागरिकाला बोलण्याची एकच अधिकृत संधी मिळते: प्रारूप, म्हणजे रचनेचा कच्चा मसुदा, प्रसिद्ध झाल्यावरची हरकत.

ही संधी बहुतेक वेळा वाया जाते. अर्जात भावना असतात, आकडे नसतात. ‘आमची गल्ली तोडली’ एवढ्यावर हद्द हलत नाही. गल्ली इकडून तिकडे नेल्यावर दोन्ही प्रभागांची लोकसंख्या किती होते, हे दाखवलं तर मात्र अर्जाकडे पाहावंच लागतं. त्यासाठी हद्द मुळात कशी काढतात ते आधी नीट समजून घेऊ.

आधी जागा मोजायच्या

नगरसेवकांची संख्या कुणाच्या मर्जीवर नसते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ५ मध्ये तिचं सूत्र दिलं आहे. लोकसंख्या ३ लाखांच्या वर आणि ६ लाखांपर्यंत असेल तर किमान ६५ जागा. ३ लाखांपुढच्या प्रत्येक १५,००० लोकांमागे एक जागा वाढते, पण ८५ च्या पुढे नाही. लोकसंख्या म्हणजे शेवटच्या प्रसिद्ध झालेल्या जनगणनेची, आजच्या अंदाजाची नव्हे.

कोल्हापूरची २०११ ची लोकसंख्या ५,४९,२३६. त्यातून ३ लाख वजा केले की २,४९,२३६ उरतात. त्याला १५,००० ने भागलं की १६ पूर्ण येतात, पुढचा अपूर्णांक सोडायचा. ६५ अधिक १६ म्हणजे ८१. २००१ च्या जनगणनेत हीच लोकसंख्या ४,९३,१६७ होती, म्हणून २०१० च्या निवडणुकीला ७७ जागा होत्या. गणित तेच, फक्त जनगणना बदलली. स्वीकृत, म्हणजे निवडून न येता नेमलेले, सदस्य या संख्येत धरत नाहीत.

२०१५ पर्यंत कोल्हापुरात एक प्रभाग, एक नगरसेवक अशी पद्धत होती, म्हणून तेव्हा ८१ प्रभाग होते. आता मुंबई सोडून राज्यातल्या इतर महापालिकांमध्ये बहुसदस्यीय प्रभाग आहेत. एका प्रभागात शक्यतो चार सदस्य, तीनपेक्षा कमी नाहीत आणि पाचपेक्षा जास्त नाहीत. ८१ ला ४ ने भागलं की एक उरतो. तो उरलेला एक कुठेतरी बसवायचा म्हणून १९ प्रभाग चार सदस्यांचे आणि एक पाच सदस्यांचा, असे एकूण २० प्रभाग झाले. जानेवारी २०२६ ची निवडणूक याच रचनेवर झाली. त्याआधी २०२२ मध्ये तीन सदस्यांच्या प्रभागांची रचना तयार होऊन कायदाच बदलल्याने बाद झाली होती. तेव्हाचा नकाशा अजूनही फोनवर फिरतो. हरकतीसाठी तो वापरू नका.

मग एका प्रभागाचं माप

एकूण लोकसंख्या भागिले एकूण जागा, म्हणजे ५,४९,२३६ भागिले ८१. एका जागेमागे सुमारे ६,७८१ लोक आले. चार सदस्यांच्या प्रभागाची सरासरी त्याच्या चौपट, सुमारे २७,१२३. या सरासरीच्या १० टक्के खाली किंवा १० टक्के वर जायला मुभा आहे. म्हणजे चार सदस्यांचा प्रभाग २४,४१० च्या आसपासपासून २९,८३५ पर्यंत असू शकतो. पाच सदस्यांच्या प्रभागाची सरासरी ३३,९०३, त्याची मर्यादा साधारण ३०,५१३ ते ३७,२९४.

हे चार आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढचं सगळं भांडण या चौकटीतच होतं.

इथेच सगळ्यात जास्त होणारी चूक सांगून टाकतो. लोक मतदारांचा आकडा धरून बसतात. ‘आमच्या प्रभागात शेजारच्यापेक्षा पाच हजार मतदार जास्त आहेत, हा अन्याय आहे’ असा अर्ज येतो आणि फेटाळला जातो, कारण समानता मतदारांची नव्हे, २०११ च्या लोकसंख्येची पाहिली जाते. शहराच्या दक्षिणेकडे गेल्या दहा-पंधरा वर्षांत अपार्टमेंट उभी राहिली. २०१६ साली बांधलेल्या इमारतीत आज ६० कुटुंबं राहत असतील, पण रचनेच्या हिशेबात तिथे मोकळा प्लॉट आहे. हा दोष खरा आहे आणि नव्या जनगणनेशिवाय तो निघणार नाही. हरकतीत त्याच्यावर शाई खर्चून उपयोग नाही.

हद्द कशाची बनते: प्रगणक गट

प्रभाग हा गल्ल्यांचा बनलेला नसतो. तो प्रगणक गटांचा बनतो. जनगणनेच्या वेळी एका प्रगणकाला घरं मोजायला जेवढा भाग नेमून दिला होता, तो एक गट. त्यात साधारण सहाशे ते आठशे लोक असतात. म्हणजे चार सदस्यांच्या एका प्रभागात चाळीसच्या आसपास गट येतात. प्रत्येक गटाची एकूण लोकसंख्या, अनुसूचित जातींची लोकसंख्या आणि अनुसूचित जमातींची लोकसंख्या जनगणनेत नोंदलेली असते. रचना करणारे कर्मचारी हे गट विटांसारखे एकमेकांना जोडत जातात. वीट शक्यतो फोडायची नाही, हा नियम आहे. त्यामागचं कारणही सरळ आहे: गट अर्धा तोडला तर त्या अर्ध्यात किती माणसं होती, याची नोंदच कुठे नाही.

तुमची अर्धी गल्ली एका प्रभागात आणि अर्धी दुसऱ्यात गेलेली दिसली, तर त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं. २०११ च्या प्रगणकाची हद्दच त्या गल्लीच्या मधून जात होती.

गट जोडताना पाळायचे नियम थोडक्यात असे. सुरुवात उत्तरेकडून करायची, तिथून ईशान्येकडे, मग पूर्वेला येऊन पश्चिमेकडे सरकत जायचं आणि शेवट दक्षिणेत करायचा. क्रमांकही त्याच ओळीने द्यायचे. म्हणून कोल्हापुरात क्रमांक कसबा बावड्याच्या बाजूने सुरू होतात. प्रभाग सलग असला पाहिजे. हद्द नदी, नाला, डोंगर, रेल्वेमार्ग, मोठा रस्ता, उड्डाणपूल अशा जमिनीवर दिसणाऱ्या खुणांवरून जावी. एक इमारत दोन प्रभागांत विभागू नये. अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्या शक्यतो फुटू नयेत. दळणवळण आणि लोकांची रोजची ये-जा ध्यानात घ्यावी.

कोल्हापुरात या खुणा ठळक आहेत. पंचगंगेचा काठ, शहराच्या मधून वाहणारा जयंती नाला, रंकाळा, मिरजेकडून येऊन शाहू टर्मिनसला थांबणारी रेल्वे. कागदावर मात्र याच खुणा फसवतात. रुळाच्या दोन्ही बाजूंचे गट एका प्रभागात घातले तर नकाशावर ते एकमेकांना चिकटलेले दिसतात. पायी जाणाऱ्याला मात्र परीख पुलाखालून किंवा टेंबलाई उड्डाणपुलावरून फिरून जावं लागतं आणि पावसाळ्यात परीख पुलाखाली पाणी साचलं की तीही वाट बंद. रंकाळ्याच्या समोरासमोरच्या काठांचंही तसंच. मधलं पाणी नकाशावर प्रभागाला जोडतं, माणसांना जोडत नाही. सलगतेवर हरकत घ्यायची असेल तर ‘प्रभाग लांबट आहे’ असं लिहू नका. ‘या गटातून उरलेल्या प्रभागात जायला प्रभागाच्या हद्दीतून एकही रस्ता नाही, दुसऱ्या प्रभागातून इतके मीटर जावं लागतं’ असं लिहा आणि तो रस्ता नकाशावर रंगवून जोडा.

पेठांबद्दल दोन शब्द. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ ही नुसती नावं नव्हेत. तालीम, मंडळ, फुटबॉल संघ, गणपतीची वर्गणी हे सगळं पेठेच्या नावाने चालतं. एक तालीम एका प्रभागात आणि तिची पोरं दुसऱ्या प्रभागात, हे लोकांना लागतं आणि लागणं साहजिकही आहे. पण पेठ अखंड ठेवावी असा नियम नाही. मोठी पेठ एका प्रभागाच्या मापात बसतही नाही. म्हणून ‘पेठ तोडली’ हा मुद्दा एकटा मांडला तर पडतो. तोच मुद्दा ‘हद्द मोठ्या रस्त्यावरून न जाता बोळातून गेली आहे आणि मुख्य रस्त्यावरून नेली तरी दोन्ही प्रभाग मर्यादेत राहतात’ अशा रूपात आला तर उभा राहतो.

फाइल कुठून कुठे जाते

जून २०२५ मध्ये नगरविकास विभागाने आदेश काढल्यावर काम ज्या क्रमाने झालं, तो क्रम असा. आयुक्तांच्या देखरेखीखाली अधिकाऱ्यांची समिती प्रगणक गटांची मांडणी करते आणि जनगणनेची माहिती तपासते. मग जागेवर पाहणी होते, गुगलच्या नकाशावर हद्दी काढल्या जातात आणि त्या हद्दी पुन्हा प्रत्यक्ष फिरून पडताळल्या जातात. समितीच्या सह्या झाल्या की प्रारूप नगरविकास विभागाकडे जातं आणि तिथून राज्य निवडणूक आयोगाकडे. आयोगाच्या मान्यतेनंतर आयुक्त ते प्रसिद्ध करतात. त्यावर हरकती आणि सूचना मागवतात, प्राधिकृत अधिकारी सुनावणी घेतात, शिफारशींसह प्रस्ताव त्याच वाटेने पुन्हा वर जातो आणि आयोगाच्या मंजुरीनंतर अंतिम रचना प्रसिद्ध होते.

२०२२ च्या दुरुस्तीपासून रचना करण्याचं काम राज्य सरकारच्या हाती आलं आहे, मान्यता आयोगाची लागते. नागरिकाच्या दृष्टीने मतलब एवढाच की प्रारूप बाहेर येईपर्यंत कुणाकडे अर्ज करून काही होत नाही आणि अंतिम रचना प्रसिद्ध झाल्यावर दार जवळपास बंद होतं. राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३ झेडजी प्रमाणे प्रभागांच्या हद्दी आखण्याच्या कायद्याची वैधता न्यायालयात उपस्थित करता येत नाही. उच्च न्यायालयात रिट याचिका होतात, पण तिथेही पहिला प्रश्न हाच येतो: मुदतीत हरकत घेतली होती का, त्यात हाच मुद्दा होता का?

प्रारूप कसं वाचायचं

अधिसूचनेत प्रत्येक प्रभागासाठी एकूण, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातींची लोकसंख्या, प्रभागाची व्याप्ती म्हणजे त्यात येणारे भाग, चारही दिशांच्या हद्दींचं वर्णन आणि सोबत नकाशा असतो. वाचताना क्रम उलटा ठेवा. नकाशा शेवटी पाहा.

आधी सगळ्या प्रभागांची लोकसंख्या एका कागदावर लिहा आणि बेरीज करा. ती ५,४९,२३६ च आली पाहिजे. कमी आली तर एखादा गट कुठेच धरलेला नाही, जास्त आली तर एखादा दोनदा धरला आहे. ही चूक सापडली तर तुमची हरकत तिथेच जिंकली.

मग प्रत्येक आकडा मघाच्या मर्यादांशी ताडा. तुमच्या प्रभागाशेजारी कोण कोण आहे आणि त्या प्रत्येकाकडे किती जागा शिल्लक आहे ते लिहा. शेजारी २९,५०० वर असेल तर त्याच्याकडे एक गटही ढकलता येणार नाही. २५,००० वर असेल तर सहा-सात गट सहज मावतील.

त्यानंतर हद्दीचं वर्णन घेऊन सायकलवर किंवा पायी फिरा. ‘अमुक चौकापासून तमुक रस्त्याने पूर्वेस नाल्यापर्यंत’ असं लिहिलेलं असतं. हद्द रस्त्याने जाते म्हणजे रस्त्याच्या मध्यातून जाते, उजवीकडची दुकानं एका प्रभागात आणि डावीकडची दुसऱ्यात. वर्णन आणि नकाशा जुळतो का ते पाहा. लागून असलेल्या दोन प्रभागांच्या सामाईक हद्दीचं वर्णन दोन्हीकडे सारखं आहे का तेही पाहा. एकीकडे ‘नाल्याने’ आणि दुसरीकडे ‘नाल्याच्या पश्चिमेच्या रस्त्याने’ असेल, तर मधल्या पट्ट्यातली घरं लोंबकळत राहतात. मतदार याद्या फोडताना याच पट्ट्यात घोळ होतो.

प्रगणक गटांची यादी आणि त्यांचे नजरी (हाताने काढलेले अंदाजी) नकाशे निवडणूक विभागात पाहायला मागा. माहिती अधिकाराचा भरवसा धरून बसू नका. अर्जाचं शुल्क १० रुपयेच आहे, पण उत्तराची मुदत ३० दिवसांची आणि हरकतीची मुदत त्यापेक्षा खूपच लहान. अर्ज करायचा तर प्रारूप यायच्या किमान दीड महिना आधी.

हरकत कशी बांधायची

उदाहरणासाठी आकडे घेऊ. प्रभाग ‘क’ ची लोकसंख्या २९,४००, शेजारच्या ‘ख’ ची २५,१००. ‘क’ मधले तीन गट मोठ्या रस्त्यापलीकडे आहेत, त्यांची लोकसंख्या ६४०, ७१० आणि ६३०, एकूण १,९८०. ते ‘ख’ मध्ये घातले तर ‘क’ २७,४२० आणि ‘ख’ २७,०८० होतो. दोन्ही मर्यादेत, दोन्ही सरासरीच्या जवळ, हद्द मोठ्या रस्त्यावर. अशी हरकत नाकारायला अधिकाऱ्याला कारण शोधावं लागतं.

आता ‘ख’ आधीच २८,६०० असेल तर? तेच तीन गट घातल्यावर तो ३०,५८० होतो, मर्यादेच्या ७४५ वर. इथे अर्ज पडतो. तो वाचवायचा तर ‘ख’ चे दोन गट पुढच्या ‘ग’ मध्ये नेता येतात का ते पाहा आणि तिन्ही प्रभागांचे नवे आकडे द्या. साखळी तीन प्रभागांपर्यंत ठेवा. चौथा प्रभाग हलवायला लागला की दुसऱ्या कुणाच्या तरी हरकतीशी तुमची धडक होते आणि अधिकारी प्रारूप आहे तसंच ठेवणं पसंत करतात.

अर्ज आयुक्तांच्या नावे, एका मुद्द्याला एक. मजकूर साधा:

‘प्रारूप प्रभाग क्रमांक __ व __ यांच्या सामाईक हद्दीबाबत हरकत व सूचना. प्रगणक गट क्रमांक __, __, __ (२०११ ची लोकसंख्या अनुक्रमे __, __, __) हे सध्या प्रभाग __ मध्ये आहेत. ते __ रस्त्याच्या पलीकडे असून त्यांची ये-जा, शाळा व बाजार प्रभाग __ कडे आहे. हे गट प्रभाग __ मध्ये समाविष्ट केल्यास लोकसंख्या अनुक्रमे __ व __ होते, ती विहित मर्यादेत आहे. अनुसूचित जातींची लोकसंख्या अनुक्रमे __ वरून __ व __ वरून __ होते. सुचवलेली हद्द सोबतच्या नकाशात लाल रेषेने दाखवली आहे. सुनावणीस उपस्थित राहू इच्छितो.’

खाली नाव, पत्ता, सही, फोन. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. शिक्क्याची प्रत हातात नसेल तर पुढे काहीच सिद्ध करता येत नाही. एकाच मजकुराच्या पाचशे झेरॉक्सवर सह्या घेऊन ढीग नेण्याची पद्धत आहे. त्या पाचशे अर्जांची सुनावणी एकत्रच होते, वजन वाढत नाही. त्यापेक्षा एक नेमका अर्ज आणि त्याला त्या तीन गटांतल्या रहिवाशांच्या सह्यांचं जोडपत्र द्या.

काय लिहू नये तेही सांगतो. आरक्षणाबद्दल काही नाही, ती सोडत नंतर होते. सदस्यसंख्येबद्दल नाही, ती कायद्याने ठरलेली आहे. अमक्या इच्छुकाच्या सोयीसाठी हद्द वळवली, असा आरोप पुराव्याशिवाय लिहिला तर मागचा चांगला मुद्दाही झाकोळतो. हद्द खरंच वाकडी वळवली असेल तर ते वळण नियमाच्या भाषेत दाखवा: मुख्य रस्ता सोडून बोळ, मग नाला, मग पुन्हा बोळ आणि एवढं करून लोकसंख्या सरासरीच्या जवळ येण्याऐवजी लांब गेली.

सुनावणीला वेळ काही मिनिटांचाच मिळतो. मोठ्या कागदावरचा रंगवलेला नकाशा आणि तीन ओळींचा तक्ता (आत्ता, बदलानंतर, मर्यादा) एवढंच हातात ठेवा. नोटिशीतली तारीख आणि ठिकाण चुकवू नका. गैरहजर अर्जदाराचा अर्ज कागदावरूनच निकाली निघतो.

हद्दीमागोमाग येणाऱ्या दोन गोष्टी

अनुसूचित जातींच्या जागा प्रभागातल्या त्यांच्या लोकसंख्येच्या टक्केवारीच्या उतरत्या क्रमाने दिल्या जातात. २७,००० च्या प्रभागात ५,४०० लोक म्हणजे २० टक्के. तीच वस्ती दोन प्रभागांत निम्मी-निम्मी वाटली तर दोन्हीकडे १० टक्के आणि दोन्ही प्रभाग यादीत खाली घसरतात. वस्ती फोडू नये या नियमाला म्हणूनच इतकं महत्त्व आहे. अर्जात अनुसूचित जातींचे आकडे द्यायला सांगितलं तेही याचसाठी. महिलांच्या निम्म्या जागा आणि मागासवर्ग प्रवर्गाच्या (ओबीसी) जागा कुठे येणार हे सोडतीत ठरतं. ती सोडत २०२५ मध्ये ११ नोव्हेंबरला झाली.

दुसरी गोष्ट मतदार यादी. महापालिका स्वतःची यादी बनवत नाही, विधानसभेची यादी प्रभागांत वाटते. त्या यादीचे भाग आणि प्रभागाची हद्द जुळत नाही, म्हणून हद्दीवरच्या घरांची नावं पलीकडच्या प्रभागात पडतात. इथली हरकत वेगळी आणि तिची मुदतही वेगळी. पत्ता एका प्रभागात आणि नाव दुसऱ्यात असेल तर दुरुस्ती होते. विधानसभेच्या यादीत नावच नसेल तर महापालिका ते घालू शकत नाही. हद्दीला लागून राहणाऱ्यांनी प्रारूप यादीत शेजारच्या प्रभागाची पानंही चाळावीत.

पुढची वेळ

जनगणना २०२७ ची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तिचे आकडे प्रसिद्ध झाले की प्रगणक गट नवे येतील आणि इथलं सगळं गणित बदलेल. लोकसंख्या ६ लाखांच्या वर गेली तर सूत्रही दुसरं लागतं: किमान ८५ जागा आणि ६ लाखांपुढच्या दर २०,००० ला एक. महापालिका १९७२ साली झाली तेव्हापासून हद्दवाढ झालेली नाही. ती झाली आणि भोवतालची गावं आत आली, तर प्रभागांचे क्रमांक पार उत्तरेपासून पुन्हा पडतील.

ज्यांना पुढच्या रचनेत बोलायचं आहे त्यांनी घरगणनेच्या आणि जनगणनेच्या वेळीच प्रगणकाशी बोलून एक गोष्ट टिपून ठेवावी: आपल्या गल्लीत त्याचा गट कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो. पुढच्या निवडणुकीच्या हद्दी त्याच गटांना जोडून निघतील.